तळाचा डोस

पाथरटोला, तहसील गडचिरोली
२ जून १९५७

कुंतावहिनींस,

गोविंदाचा नमस्कार. भाऊ गेल्याला साडेतीन वर्षं झाली आणि या घरातून तुम्हाला हे पहिलंच पत्र. चामोर्शीत ते तुम्हाला कोण वाचून दाखवील याची चौकशी केली, तेव्हा मुलींच्या शाळेच्या कलाबाई तुमच्या शेजारी राहतात असं कळलं. कलाबाई, तुम्हालाही नमस्कार. जवळ कोणी नसताना वाचावं ही विनंती.

चंदा सात वर्षांची झाली. उन्हाळ्याआधी तिचं नाव शाळेत घातलं. गुरुजींनी आईचं नाव विचारलं. आमच्या आईनं सांगायच्या आत चंदानं मोठ्यानं 'कुंता' म्हणून सांगितलं. आई रस्ताभर तिच्याशी बोलली नाही. तुमचं नाव घरात घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

माझी बातमी अशी की नागपूरच्या फार्मसीच्या शाळेचं बोलावणं आलं आहे. एक जुलैला मुलाखत. आपल्या ढिवरांत मॅट्रिक झालेला मी पहिला, म्हणून इतवारी पंच स्वतः घरी येऊन बापूजींच्या पाठीवर थाप मारून गेले. मॅट्रिक झाल्यापासून मी दवाखान्यात गुणवंतराव कंपाउंडरांच्या हाताखाली आहे. बाटल्या धुतो, डोसाच्या कागदी पट्ट्या कापून चिकटवतो. मुलाखतीची तयारी तेच करून घेतात. रोज दुपारी कोट घालून, या उकाड्यात, खुर्चीवर बसतात आणि परीक्षक होतात. मी दाराबाहेरून 'मे आय कम इन सर' म्हणायचं. आवाज बारीक आला की पुन्हा बाहेर. "मासोळ्या विकून राह्यला का? सरळ उभा राह्य!" असं ओरडतात.

काल त्यांनी इंग्रजीतून विचारलं, "घरी कोण कोण आहे?" मी सांगितलं. "थोरला भाऊ कशानं गेला?" मी म्हणालो, "फीवर सर." त्यांनी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "हं. पुढचा प्रश्न."

तेव्हापासून तुमची आठवण येते आहे. जे झालं त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. भावाला झटके येऊन तो गेला. पंच बसले. तुमच्या पदराच्या गाठीत कुचल्याच्या चार बिया निघाल्या. बापाच्या गुडघ्याच्या तेलासाठी आहेत असं तुम्ही सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही. कुत्री मारायला वापरतात ते बी, नवऱ्याला दिलं असं ठरलं आणि तुम्हाला गावाबाहेर काढलं. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, मला कोण विचारतं.

चामोर्शीच्या बाजारात तुमच्या हातची मासोळी कोणी घेत नाही असं इकडे बोलतात. खरं आहे का?

आपला,
गोविंदा


पाथरटोला
९ जून १९५७

वहिनी,

उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर कलाबाईंनी माफ करावं.

गुणवंतरावांकडं एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे, पुठ्ठा गेलेलं. मुलाखतीत औषधं एकमेकांशी कशी बिघडतात ते विचारतील, म्हणून त्यांनी तो भाग वाचायला सांगितला. शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत होतो. आज सकाळी एका पानावर आलो आणि तिथंच थांबलो आहे.

साध्या भाषेत सांगतो. कुचल्याच्या बीपासून एक औषध काढतात. अगदी थोडं दिलं तर आजारातून उठलेल्या माणसाला ताकद येते. दुसरं एक औषध आहे, ब्रोमाइड, झोप लागावी म्हणून देतात. दोन्ही एका बाटलीत घातली की कुचल्याच्या औषधाचे बारीक कण होतात आणि हळूहळू तळाला बसतात. बाटली हलवून घेतली तर दर डोसात थोडे थोडे जातात. न हलवता घेतली तर पहिल्या डोसांत नुसतं पाणी जातं आणि आठही डोसांचं विष शेवटच्या डोसात येतं. पुस्तकात अशा एका रोग्याची हकिकत दिली आहे. सात डोस नीट गेले. आठव्यानंतर अर्ध्या घटकेत त्याचं अंग धनुष्यासारखं वाकलं, जबडा बसला, कोणी हात लावला की पुन्हा झटका. आणि शेवटपर्यंत त्याला शुद्ध होती, सगळं कळत होतं.

वहिनी, हे पुस्तक विलायतेत छापलेलं आहे. लिहिणाऱ्यानं आपलं घर पाहिलेलं नाही. पण त्यानं भावाचंच मरण लिहिलं आहे. तू त्याचा पाय धरलास आणि तो कमानीसारखा उचलला गेला, ते. डोळे सताड उघडे, तुझ्याकडं पाहत, ते.

तापातून उठला होता. झोप येत नव्हती. आठ खुणांची बाटली होती. शेवटचा डोस त्या सकाळी तू दिलास, बाटली उपडी करून, थेंबही वाया जाऊ नये म्हणून.

म्हणजे पंच म्हणाले ते विष खरंच कुचल्याचं होतं. फक्त ते तुझ्या पदरातलं नव्हतं, दवाखान्यातलं होतं. मी पुस्तक मिटून तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलो. बापूजी जाळं ओढत होते. त्यांनी हाक मारली, "गोविंदा, हात लाव गा!" मी गेलो नाही.

गुणवंतरावांनी ती दोन औषधं एकत्र केली. चूक त्यांची आहे. उद्या त्यांना विचारणार आहे.

गोविंदा


पाथरटोला
१२ जून १९५७

वहिनी,

विचारलं. दुपारी ते कोट घालून बसले होते. मी दाराबाहेरून 'मे आय कम इन' न म्हणता आत गेलो आणि जुनी नोंदवही मागितली. त्यांनी कोणत्या सालची तेही विचारलं नाही. बरोबर तेच पान काढून माझ्यासमोर ठेवलं. भावाचीच नोंद: शालिकराम बापूजी, वय सव्वीस. दोन्ही औषधं त्यांच्याच अक्षरात.

"डॉक्टर दौऱ्यावर होते. मीच दिलं," ते म्हणाले.

"तुमाले माहीत होतं?"

"त्या दिवशी नाई. चार दिवसांनी बाटली धुवाले परत आली. तळाला पांढरे कण चिकटले होते. तवा समजलं."

"मंग तुमी बोलले काऊन नाई? तिले गावातून काढलं, गुणवंतराव! पोट्टी हिसकून घेतली!"

त्यांनी कोटाची बटणं काढायला घेतली. मग म्हणाले, "नोकरी गेली असती. लेकरं लहान होती." आणि नंतर, अगदी शांतपणे, "पन गोविंदा, हलवून पाज, असं मी सांगतलं होतं. तुलेच सांगतलं होतं. तू तराजूकडं पाहून राह्यला होता."

वहिनी, गेल्या पत्रात मी हे लिहिलं नाही. चूक त्यांची आहे, एवढंच लिहून सही केली. त्या पत्राच्या वेळीही मला आठवत होतं. पहिल्या पत्राच्या वेळीही आठवत होतं. साडेतीन वर्षं आठवतंच आहे, फक्त त्याचा अर्थ काय होतो ते या नऊ तारखेला कळलं.

बाटली मी आणली. गुणवंतराव काहीतरी सांगत होते आणि मी काचेच्या पेटीतला तो छोटा तराजू पाहत होतो. मान हलवली. घरी आल्यावर तू बाटली हातात घेऊन हलवून पाहिलीस. पांढरं पांढरं वर आलं. आई म्हणाली, "असं गढूळ पाणी आपन ढोरालेबी पाजत नाई." तू मला विचारलंस, "कंपोंडरनं काई सांगतलं का गा?"

मी ऐकलं नव्हतं, असं म्हणायला हवं होतं. पण मी शहरात शिकणारा, सुट्टीत घरी आलेला. आई, बापूजी, भाऊ, सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. आपण तळ्याचं पाणी जसं माठात निवळू देतो आणि तळ न ढवळता वरचं वरचं घेतो, तेच मला सुचलं. मी म्हणालो, "निवळू दे. हलवू नको. वरचं वरचं दे."

आणि तू सांगितलं तसं केलंस. चार दिवस बाटली कोनाड्यात ठेवलीस, कोणाचा धक्का लागू नये म्हणून चंदाला तिकडं फिरकू दिलं नाहीस. आठव्या, तळाच्या डोसाचं काय करायचं ते मी सांगितलंच नाही, म्हणून तोही तू दिलास.

आता कलाबाईंनाही हे कळलं, म्हणजे चामोर्शीत कळलं असं धरतो. कळू दे.

गोविंदा


चामोर्शी
१८ जून १९५७

(कुंताबाई सांगतात तसंच लिहिते आहे. माझा एक शब्द नाही. — कलाबाई)

गोविंदा,

तुझे तिन्ही कागद आयकले. तिसरा वाचता वाचता कलाबाई थांबल्या. मी म्हटलं, वाचा. वाचून झाल्यावर मी चुलीपाशी बसून राह्यली. भात करपून गेला तवा बहिणीनं येऊन भांडं उतरवलं.

'निवळू दे' असं तूच म्हटलं होतं, ते मले पह्यल्यापासून माहीत हाये. पन त्यानं मानूस मरते हे मले काय माहीत? कंपोंडरनं उलटं सांगतलं होतं, हे तर आत्ता कळलं. एवढी सालं मी समजून राह्यली होती का माह्याच हातानं काई झालं. कोनतं भांडं नीट धुतलं नसन, कोनत्या हातानं पाजलं असन. रोज त्या दिवसाचं एकेक काम मनात करून पाहत होती. कुठी चुकलं ते सापडत नव्हतं. कसं सापडन? ते तुह्याजवळ होतं.

पंच बसले तवा मी तुह्याकडं पाह्यलं होतं. तीनदा पाह्यलं. म्हटलं, हा शिकलेला हाये, हा दोन शब्द तरी बोलन का माही वयनी अशी नाई. तू काडीनं जमिनीवर रेघा मारून राह्यला होता.

माफी मागू नको. द्याची का नाई ते मलेच समजत नाई. आनि तुह्या गावात मले परत याचं नाई.

मले दोन गोष्टी पाह्यजे. पह्यली, माही पोट्टी. दुसरी, तू चामोर्शीच्या बाजारात ये. खरं हाये का म्हणून विचारलं ना तू? खरं हाये. मी पहाटपासून गळाभर पान्यात उभी राहून मासोळी धरतो आनि माही बहीण बाजारात बसून विकते. मी बसली तर बायका नाक मुरडून पुढं जातेत. 'कुचलेवाली' म्हणतेत. तिथी रांगेत उभा राहून तोंडानं सांग. कागदानं नाई होत. बाजारात कागद कोन वाचते?

कुंता


पाथरटोला
२३ जून १९५७

वहिनी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी इतवारी पंचांकडं गेलो आणि पंच बसवा म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं माझ्या नागपूरच्या वाटखर्चासाठी. काल सगळे जमले. मी उभा राहून सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, तराजूसकट.

मला वाटलं होतं मारतील. थुंकतील. वहिनी, ते हसले. सगळे नाही, पण इतवारी हसले. "लेकाच्या, एवढ्यासाठी पंच बसवले? तू पोट्टा होता. पोट्ट्याची का चूक धरतेत?"

मी म्हणालो, "मंग तिची काऊन धरली?"

"बाईमानसानं आपली अक्कल चालवाची होती. पोट्ट्याचं आयकून नवऱ्याले दवा पाजते का कोनी?"

"आनि त्या बिया? तिचं म्हननं खरं होतं."

"झालं ते झालं गा. आता तू नागपूरले चालला. जातीचं नाव होऊन राह्यलं. ह्या गोष्टी काढशीन तर तिथी तुले कोन घेईन?"

तुला गावाबाहेर काढायला त्यांना एक चिलीम ओढून होईपर्यंतचा वेळ लागला होता. मला दोष लावा म्हणून मी तासभर भांडलो आणि त्यांनी तो घेतला नाही. विडी पेटवून एकेक जण उठून गेले. जाताना दोघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते हात अजून पाठीवर आहेत असं वाटतं. आपल्याच माणसांची मला अशी भीती कधी वाटली नव्हती.

गुणवंतरावांना मी बाजारात या म्हणालो. ते येणार नाहीत. त्याऐवजी त्यांनी माझ्या हातात दाखला ठेवला, मुलाखतीत दाखवायचा. 'औषधे हाताळण्यात अत्यंत काळजीपूर्वक' असं त्यात लिहिलं आहे. मी तो वाचला आणि त्यांच्या टेबलावर परत ठेवला.

बापूजी माझ्या मागोमाग निघाले. घरी येऊन म्हणाले, "पोट्टी नेऊन दे तिची." आई आत निघून गेली. मला वाटलं आता रडारड होईल. पण आज सकाळी उठलो तर तिनं चंदाला पुढ्यात घेतलं होतं आणि डोक्याला तेल लावून इतकी घट्ट वेणी घालत होती की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडं न पाहता आई म्हणाली, "हिच्या डोक्यात उवा होतेत. रोज विंचरून देजो म्हना तिले." मग वेणीला गाठ मारून, "गढूळ मीच म्हटलं होतं. ते बी सांगजो बाजारात."

येत्या बाजाराला आम्ही दोघं येतो. तिथूनच मी नागपूरची वाट धरीन.

गोविंदा


नागपूर
२ जुलै १९५७

वहिनी,

कार्डावर थोडंच मावतं. मुलाखत झाली. तिघे होते, तिघांच्याही अंगात कोट. गुणवंतरावांनी शिकवलेलं एकही उत्तर आठवलं नाही. दाखला कुठं आहे विचारलं. मी म्हणालो, होता, आणला नाही. का? काळजीपूर्वक असं लिहिलं होतं, ते खरं नाही. मग सांगावं लागलं. इंग्रजी सुटलं, मराठीत सांगितलं. मधले गृहस्थ टाक खाली ठेवून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही स्वतः बाटली दिली असती तर काय केलं असतं?" मी म्हणालो, कशी घ्यायची ते घेणाऱ्याकडून परत म्हणवून घेतलं असतं, त्याच्या तोंडून. त्यांनी काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, दिसलं नाही.

यादी पंधरा दिवसांनी लागेल. तोवर इथं एका औषधाच्या दुकानात बाटल्या धुतो आहे. त्या दिवशी बाजारातून मी लगेच निघालो, कारण तुझ्याकडं पाहवत नव्हतं. मागं काय झालं ते कळव.

गोविंदा


चामोर्शी
९ जुलै १९५७

(सांगतील तसंच. — कलाबाई)

गोविंदा,

तू विचारलं म्हणून सांगतो.

तू बोलाले उभा राह्यला तवा अर्ध्या बायकायचं ध्यान तराजूकडं होतं. तुहा आवाजच निघेना. मंग ती पलीकडची म्हातारी ओरडली, "मोठ्यानं बोल गा, मॅट्रिक झाला ना!" तवा कुठी तू बोलला. सासूबाईचं बी सांगतलं, ते मले वाटलं नव्हतं. तू गेल्यावर मासोळीवर माश्या बसल्या तरी कोनी हाकलेना. म्हातारी मले म्हणे, "बाई, तू तवाच काऊन नाई सांगतलं?" मी म्हटलं, "सांगतलं होतं ना आजी. आयकलं कोनं?"

दुसऱ्या दिवशी विहिरीशी दोघी-तिघी थांबल्या, मंग घागर उचलून गेल्या. काई जणी अजून म्हणतेत का देरानं वयनीसाठी खोटं सांगतलं. म्हणू दे.

चंदा दोन दिवस मले 'ओ बाई' म्हणे. कोनाड्यात ठेवलेल्या लाह्या मागाले बी बहिणीकडं जाये. परवा मी विंचरून देऊन राह्यली होती, केस ओढला गेला तवा चिडून 'आई' म्हणली. मंग गप झाली. मी विंचरत राह्यली.

तुह्यावरचा माहा राग गेला नाई. हे बी लिहा, असं मी कलाबाईले सांगतलं.

काल बाजार होता. बहिणीले म्हटलं, तू आज घरी राह्य. माही टोपली घेऊन मी रांगेत बसली. शेजारच्या दोघी जरा सरकल्या. जागा करून देऊन राह्यल्या का दूर होऊन राह्यल्या, ते समजलं नाई. ऊन डोक्यावर येईपर्यंत कोनी टोपलीकडं पाह्यलं नाई. मी पानी शिंपडत राह्यली.

मंग एक बाई आली. परगावची नाई, इथलीच, मले चांगली वळखते. टोपलीपाशी बसली. एक मरळ उचलली, कल्ले उघडून पाह्यले, ठेवली. दुसरी उचलली. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं आनि विचारलं, "आजची हाये का कालची?"

मी म्हटलं, "आजची."

"दे," म्हणली.

कुंता